‘लक्ष कोठे आहे?’

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी गुणगौरव समारंभप्रसंगी दिलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी स्वतः लिहून दिला.)



गुणवंत विद्यार्थ्यांना चार उपदेशाचे शब्द सांगावे, अशी कामगिरी चिटणीसमहाशयांनी आमच्याकडे सोपविली आहे. अडतीस वर्षांच्या मास्तरकीने उपदेशाची सवय आम्हांस जडलेलीच आहे. तथापि आज ती बाजूस ठेवून एका कबुलीने आरंभ करावा, असे आम्ही योजिले आहे.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढे शिक्षकाच्या पदविकेची दोन वर्षे केली आणि शहराच्या पूर्व भागातील एका प्राथमिक शाळेत नोकरीस लागलो. ह्या अडतीस वर्षांत आमच्या तोंडून सर्वांत अधिक वेळा कोणते वाक्य बाहेर पडले असेल, असे कोणी विचारील तर उत्तर तयार आहे : ‘अरे, लक्ष कोठे आहे तुझे?’ ह्या वाक्यापाठोपाठ कधी छडी येई, कधी कोंबडा, कधी वर्गाबाहेर उभे राहण्याची शिक्षा. येथे समोर बसलेल्यांपैकी कित्येकांनी ती भोगलेली आहे. ते हसत आहेत, हा त्यांचा मोठेपणा होय.

गेल्या जून महिन्यात आपल्या शिष्यवृत्ती उपसमितीपुढे एक अर्ज आला. आपल्याच ज्ञातीतील एक कन्या, बी.एस्सी. झालेली, वडिलांचे दोन यंत्रमाग, घरी धाकटी दोन भावंडे. तिला गांधीनगरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत एम.एस्सी.च्या वर्गात प्रवेश मिळाला होता. विषय ‘कॉग्निटिव्ह सायन्स’. मराठीत बोधनविज्ञान म्हणावे. त्यातही माणसाचे डोळे पाहतात काय, मेंदू त्यातले उचलतो काय आणि टाकून देतो काय, ह्या दृष्टि-अवधानाचा अभ्यास करण्याचा तिचा मानस. आपल्या कर्जाऊ शिष्यवृत्तीच्या नियमात वैद्यक, अभियांत्रिकी, विधी आणि शिक्षणशास्त्र एवढेच अभ्यासक्रम नमूद आहेत. अर्ज नियमात बसेना. शिवाय ‘हे कसले शिक्षण? ह्याने पोट भरते काय?’ असा शेरा त्यावर पडला. तो शेरा आमच्याच हस्ताक्षरात आहे. हीच ती कबुली.

दोन दिवसांनी ती मुलगी आमच्या घरी आली. रडली नाही, की रागावली नाही. म्हणाली, ‘गुरुजी, मला दहा मिनिटे द्या.’ आणि तिने मोबाइलवर एक चित्रफीत लावली. सहा माणसे दोन चेंडू एकमेकांकडे फेकीत आहेत. तिघांचे सदरे पांढरे, तिघांचे काळे. ‘पांढऱ्या सदऱ्यांनी चेंडू किती वेळा फेकला, तेवढे मोजा.’ आम्ही चष्मा पुसून, पाठ ताठ करून मोजले. आमचा आकडा अचूक आला, तेव्हा मास्तरकी अजून शाबूत आहे म्हणून मनास समाधानही वाटले. तिने विचारले, ‘आणि गोरिला?’ कसला गोरिला? तिने तीच चित्रफीत पुन्हा लावली. पाहतो तो गोरिलाचे सोंग घेतलेले एक माणूस त्या खेळाडूंच्या मधोमध येते, उभे राहून छाती बडवते आणि निघून जाते! आम्ही ते मुळीच पाहिले नव्हते. वास्तविक डोळे उघडे होते, उजेड होता, मोबाइल हाती होता.

हा प्रयोग अमेरिकेत डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस ह्या दोघा संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केला. पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना तो गोरिला दिसतच नाही. हे ऐकून आम्हांस थोडा धीर आला, तेव्हा तिने पुढचे सांगितले. २०१३ साली अमेरिकेतच चोवीस क्ष-किरणतज्ज्ञांस फुप्फुसांच्या चित्रांत गाठी शोधावयास सांगितले आणि एका चित्रात गोरिलाची लहानशी आकृती चिकटवून ठेविली. चोवीसपैकी वीस तज्ज्ञांना ती दिसली नाही. नजरेच्या नोंदीवरून असे आढळले की, त्यांतील पुष्कळांची दृष्टी थेट त्या आकृतीवरून फिरून गेली होती. ज्यांनी आयुष्यभर पाहण्याचाच व्यवसाय केला त्यांची ही स्थिती. मग वर्गात बसून आम्ही कोणाकोणाचे ‘लक्ष नाही’ म्हणून ठरविले आणि कशाच्या आधारावर, असा प्रश्न त्या रात्री आम्हांस पडला. झोप लागली नाही.

त्यानंतर तीन-चार महिने आम्ही ह्या विषयामागे लागलो. इंग्रजी आमचे बेताचे. त्या मुलीने समजावून दिले, काही आमच्या नातवाने वाचून दाखविले. कळले तेवढे सांगतो.

आपण सर्वांनी एक हात समोर लांब करावा आणि अंगठा उभा धरावा. मागच्या रांगेतील मंडळींनीही. आता त्या अंगठ्याच्या नखाकडे पाहा. आपल्या डोळ्यास स्वच्छ, बारीक अक्षर वाचता येईल असे जे क्षेत्र दिसते ते साधारण त्या नखाएवढेच असते. बाकीचे सारे सभागृह धूसर आहे. तरीही आपणांस सगळे लखलखीत दिसते असे वाटते, ह्याचे कारण डोळा एका सेकंदात तीन-चार वेळा उडी मारून ते नखाएवढे क्षेत्र इकडून तिकडे फिरवीत असतो आणि मेंदू त्या तुकड्यांचे अखंड वस्त्र विणीत असतो. पुढची उडी कोठे मारावयाची, हे ठरविणे म्हणजे अवधान. परंतु डोळा न हलविताही अवधान हलविता येते. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञाने अंधाऱ्या पेटीत अक्षरे मांडली, नजर एका बिंदूवर स्थिर ठेविली आणि क्षणभर ठिणगी पाडली. मनाने आधी जी बाजू धरून ठेवावी, त्याच बाजूची अक्षरे वाचता येत. फळ्याकडे डोळे लावून खिडकीबाहेरच्या पतंगाचा विचार करणारा विद्यार्थी हेच करीत असतो, फक्त त्याला कोणी हेल्महोल्ट्झ म्हणत नाही!

आता आपल्या मागाकडे वळू. कारण हे शास्त्र आम्हांस खरे उमगले ते मागावरच. पांढऱ्या ताण्यात एकच तांबडा धागा पडला तर तो शोधावा लागतो काय? नाही. ताणा शंभर धाग्यांचा असो की हजाराचा, तो आपण होऊन डोळ्यांत भरतो. उलट सोलापुरी चादरीच्या जेकार्डाच्या नक्षीत एखाद्या फुलाचे दोन रंग परस्परांच्या जागी आले, तर रंग तेच, आकार तोच, केवळ जुळणी चुकलेली. मग एकेक फूल तपासावे लागते आणि फुले वाढतील तसतसा वेळ वाढतो. हा भेद आपल्या कोणत्याही कारागिराला ठाऊक आहे. ॲन ट्राइसमन ह्या विदुषीने गॅरी जेलाड ह्यांच्यासह १९८० साली त्याची उपपत्ती मांडली. तिचे म्हणणे असे की, रंग, रेषेचा कल इत्यादी गुण मेंदू एकाच वेळी सर्वत्र टिपतो. पण दोन गुणांची गाठ बांधावयाची तर अवधानाचा धोटा त्या जागेवरून जावाच लागतो. धोट्याचा दृष्टान्त आमचा आहे, तिचा नव्हे.

ह्याच ओघात एक घरची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमचे वडील एका गिरणीत विणकर होते. दोन माग त्यांच्याकडे. त्या काळच्या साध्या मागावर बाण्याचा धागा तुटला तर माग आपण होऊन थांबे. ताण्याचा तुटला तर मात्र तो डोळ्यांनीच पकडावा लागे. नाही पकडला तर कापडात लांबच लांब रेघ पडे, फोल्डिंग खात्यात ती सापडे आणि पगारातून दंड कापला जाई. आम्ही सातवीत असताना एका महिन्यात त्यांस तीन वेळा दंड झाला. तिन्ही रात्रपाळीचे, तिन्ही पहाटेच्या सुमाराचे. जॉबरने सर्वांसमक्ष ‘लक्ष नसते, झोपा काढतो’ असे म्हटले. वडिलांनी घरी येऊन ते आईस सांगितले. आम्ही पांघरुणात ऐकत होतो. ‘डोळा मिटला नव्हता गं,’ एवढेच ते म्हणत राहिले. खरे सांगावयाचे तर त्या वेळी आम्हांसही जॉबरचेच खरे वाटले होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये रडारवर बसणारे सैनिक पडद्यावरील खुणा हुकवू लागले. शिस्तीचे लोक, शत्रू दाराशी आलेला, तरी हुकवीत. नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या शास्त्रज्ञाने ह्याचा छडा लावण्यासाठी एक घड्याळ केले. त्यावर आकडे नाहीत. एकच काटा, दर सेकंदास एक घर पुढे सरकणारा. आणि क्वचित केव्हातरी एकदम दोन घरे उडी घेणारा. ती दुहेरी उडी दिसली की कळ दाबावयाची. असे दोन तास. १९४८ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केला : पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसाच्या हातून अधिक उड्या निसटू लागतात. डोळे उघडे असतात, मनुष्य जागा असतो, इच्छाही असते. दक्षता तेवढी ओसरते. अर्धा तास काम आणि अर्धा तास विसावा अशी पाळी लाविली तर ती टिकून राहते.

अर्धा तास! आमच्या वडिलांची पाळी आठ तासांची होती.

हे वाचले त्या दिवशी आम्ही वडिलांच्या तसबिरीपुढे बराच वेळ बसलो होतो. त्यांस जाऊन आता वीस वर्षे होतील. त्यांस हे सांगता आले असते तर काय झाले असते कोण जाणे; बहुधा ‘बरं’ म्हणून त्यांनी तंबाखू मळली असती.

ह्या विद्येला ‘मेंदूविज्ञान’ हे शेपूट का जोडतात, असे काहींनी विचारले. त्याचे उत्तर रुग्णालयातून येते. मेंदूच्या उजव्या अर्धाच्या मागील-वरच्या भागास पक्षाघाताने इजा झाली, तर काही रोग्यांना डावी बाजू जणू नाहीशी होते. डोळे निर्दोष असतात. परंतु ताटातील डावीकडची भाकरी ते खात नाहीत, डाव्या गालाची दाढी राहून जाते. इटलीतील मिलान शहरी दोन वैद्यकीय संशोधकांनी अशा रोग्यांस १९७८ च्या सुमारास आपल्या गावचा चौक मनाने आठवावयास सांगितले. समोर प्रार्थनामंदिर ठेवून चौक आठवला तेव्हा त्यांनी उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. मग म्हटले, आता मंदिराच्या पायऱ्यांवर उभे राहून उलट पाहा. तर आधी गाळलेल्या इमारती सांगितल्या आणि आधी सांगितलेल्या गाळल्या! कल्पना करा, श्रीसिद्धेश्वराच्या देवळाकडे तोंड करून तळ्याचा एकच काठ आठवावा आणि देवळाकडे पाठ करताच दुसराच. आठवण पुरी होती. तिच्यावर पडणारा प्रकाशच अर्धा होता. आपल्या ज्ञातीत गेल्या काही वर्षांत पक्षाघाताचे रुग्ण घरोघर आहेत. ‘म्हातारा हट्टाने अर्धे ताट टाकतो’ असे म्हणण्यापूर्वी सुनांनी आणि लेकांनी ही गोष्ट ध्यानात आणावी व डॉक्टरांच्या कानावर घालावी. ताट थोडे उजवीकडे सरकवून तर पाहावे.

आम्ही लिहिणे-वाचणे शिकविणारे. म्हणून एका प्रयोगाने आम्हांस सर्वांत अधिक हलविले. तो आपल्या देशातला आणि आपल्याच देवनागरी लिपीचा आहे. लखनौजवळच्या खेड्यांतील, बहुतेक तिशीतल्या, निरक्षर प्रौढांना, ज्यांत स्त्रियाच अधिक होत्या, सहा महिने हिंदी वाचावयास शिकविले. शिकण्यापूर्वी आणि नंतर त्यांच्या मेंदूची चुंबकीय यंत्राने चित्रे काढली. हे यंत्र रक्तातील प्राणवायूच्या कमीअधिकपणावरून मेंदूचा कोणता भाग कामास लागला आहे ते दाखविते. लखनौ, हैदराबाद, जर्मनी आणि नेदरलँड्स येथील संशोधकांनी मिळून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. सर्वांस वाटले होते की बदल होईल तो मेंदूच्या वरच्या थरात. परंतु बदल खोल तळाशी, थॅलॅमसपर्यंत आणि मेंदूच्या खोडापर्यंत आढळला. नजर आणि दृष्टि-अवधान हाकणारी जी जुनी केंद्रे तेथे आहेत, त्यांचा मेंदूच्या दृष्टिकेंद्राशी अधिक मेळ बसला होता. अवघ्या सहा महिन्यांच्या अ-आ-ईने तिशीतल्या बाईच्या मेंदूची घडण पालटते! आम्ही जूनमध्ये पाटीवर ‘ग’ गिरवून घेत होतो तेव्हा आमच्या हातून काय घडत होते, ह्याची आम्हांस सुतराम कल्पना नव्हती. ती आम्हांस कोणी प्रशिक्षण विद्यालयात दिली नाही, कारण तेव्हा ती कोणापाशीच नव्हती.

हे सर्व परकीय आहे, अशी कोणी समजूत करून घेऊ नये. ‘अवधान’ हा शब्दच आपला. ज्ञानेश्वरमहाराज नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे मागतात ते अवधानच. एकाच वेळी आठ व्यवधाने सांभाळणाऱ्या अष्टावधानी पंडितांची परंपरा दक्षिणेत अद्याप आहे. तथापि केवळ ‘आमच्याकडे सर्व होतेच’ असे म्हणून स्वस्थ बसणे आम्हांस पसंत नाही. शब्द आपला असला तरी मोजमाप आपण केलेले नाही. कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला, पुण्यास प्रा. कोठूरकर ह्यांनी विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा पाया घातला. आज अलाहाबाद आणि हैदराबाद येथील विद्यापीठांत, कानपूर आणि गांधीनगर येथील तंत्रज्ञान संस्थांत ही विद्या पदव्युत्तर पातळीवर शिकविली जाते.

आता पोटाचा प्रश्न. तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. मागावरच्या घरात पोटाचाच प्रश्न आधी येतो. गांधीनगरचा एम.एस्सी.चा अभ्यास दोन वर्षांचा. तेथे कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. निवड परीक्षेने आणि मुलाखतीने होते. पुढे पीएच.डी. करावी तर आणखी चार-पाच वर्षे, कधी सहाही. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३ पासूनच्या दरानुसार दरमहा ३७,००० रुपये मिळतात. पण ती मिळविणे सोपे नव्हे. प्राध्यापकाच्या जागा थोड्या आहेत. काही जण रुग्णालयांत मेंदूच्या रोग्यांच्या पुनर्वसनाचे काम करतात, काही मोटारींच्या वा संगणकाच्या कंपन्यांत जातात. तेथे माणसाचे लक्ष कोठे टिकते आणि कोठे निसटते ह्याची माहिती लागते. इंजिनिअर होताच नोकरी, असा सरळ हिशेब येथे नाही. प्रत्येक मुलाने ह्या मार्गास जावे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. आईबापांनी दहा वर्षे कळ काढावयाची तयारी ठेवावी, आणि ज्यांच्या घरी तेवढे बळ नाही त्यांच्या पाठीशी संस्थेने उभे राहावे, एवढेच म्हणतो. आपल्या निधीतून १९९० नंतर जे डॉक्टर-इंजिनिअर झाले त्यांचा आम्हांस अभिमान आहे. परंतु त्यांतील बहुतेकांनी निधी नसता तरी काहीतरी वाट काढली असती. वाट ठाऊक नसलेल्या विद्येला निधीची गरज अधिक.

मध्येच एक आठवले, सांगून टाकतो. आमच्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. चौथीच्या वर्षभरात आम्ही त्याला बहुधा सर्वाधिक वेळा बाहेर उभा केला असेल. बाहेर म्हणजे पडवीत. आणि पडवीसमोर एका घरात जेकार्डाचा माग. तो पोरगा तासन्‌तास त्या मागाकडे पाहत राही. एकदा मागाच्या मालकानेच आम्हांस येऊन सांगितले की, पत्त्यांच्या माळेतील एक पत्ता उलटा बसला होता तो ह्या पोराने रस्त्यापलीकडून ओळखला. आम्ही त्या मुलास शाबासकी दिली नाही. ‘तेथे लक्ष जाते, मग पाढ्यांत का जात नाही?’ म्हणून आणखी एक ठेवून दिली. तो प्रश्न खरे पाहता फार चांगला होता. छडी न मारता विचारला असता तर.

तर मंडळी, उद्या सकाळी दहा वाजता वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. शिष्यवृत्तीच्या नियमातील अभ्यासक्रमांच्या यादीनंतर ‘आणि मान्यताप्राप्त संस्थेतील कोणताही मूलभूत शास्त्रीय अभ्यासक्रम’ असे शब्द घालावे, असा ठराव आम्ही चिटणिसांकडे दिला आहे. अनुमोदन आमच्या उपसमितीतील दोघांनी दिले आहे. एकाचा विरोध आहे आणि त्यांचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे : निधी तुटपुंजा, परतफेड लांबणार, मग पुढच्या मुलांनी काय करावयाचे? त्यावर आमची सूचना अशी की, परतफेडीची मुदत अशा अभ्यासक्रमांपुरती आठ वर्षांची करावी आणि वर्षाला एकच अर्ज घ्यावा. ती मुलगी मामांकडून उसने घेऊन ऑगस्टात गांधीनगरला गेली आहे. पहिल्या सहामाहीचे भागले; पुढच्या तिहींचे नाही. आमचा शेरा आम्ही लेखी मागे घेतला आहे, तो कागद चिटणिसांच्या दप्तरी आहे.

तिने एक निरोपही पाठविला आहे. प्रबंधासाठी तिला असे पाहावयाचे आहे की, ज्यांनी आयुष्य मागावर काढले त्यांची नजर तुटका धागा शोधताना इतरांहून वेगळी फिरते काय. त्यासाठी डोळ्यांच्या हालचाली टिपणारे यंत्र असते. अंगास काही टोचीत नाहीत, पडद्यासमोर हनुवटी टेकून बसावे लागते, एवढेच. दिवाळीच्या सुटीत ती येईल. ज्या वडीलधाऱ्यांनी वीस वर्षांहून अधिक माग चालविला आहे आणि ज्यांचा मोतीबिंदू काढून झालेला आहे वा नाहीच, त्यांनी दाराशी ठेवलेल्या वहीत नाव आणि घर नोंदवावे. काल संध्याकाळपर्यंत अकरा नावे आली होती. आमचे त्यात नाही. वडिलांनी आम्हांस मागास कधी हात लावू दिला नाही.